गावठी, पण फ्रान्सची

पुतण्याने पॅरिसहून लाल वाइनची बाटली आणली. लेबलवर एका कुटुंबाचं आडनाव, खाली मळ्याचं चित्र. "काका, ही अस्सल रस्टिक." म्हणजे काय, विचारलं तर जरा घुटमळला. "म्हणजे... गावठी."

आमच्या न्हावऱ्यात हा शब्द जपून वापरतात. इथे एखाद्या कुटुंबाने घरच्या घरी गावठी काढली, की लेबल लावायला पोलीस येतात. तिकडे त्यालाच वारसा म्हणतात.

ओसरीवर चहाच्या ग्लासांत ओतली. आधी हलवायची, मग हुंगायची, मग घोट. "मातीचा, चामड्याचा, थोडा गोठ्याचा वास येतोय ना?" येत होता. पण आमचा गोठाही दहाच पावलांवर, तेव्हा कुठला वास कुणाचा, हे ठरेना. जिभेवर कच्च्या जांभळाचा तुरटपणा राहिला. ते टॅनिन, द्राक्षाच्या साली-बियांतून उतरतं. थोरल्या भावाने घोट गिळला आणि साखर मागितली. घोडगंगा साखर कारखान्याच्या सभासदाला ते शोभतंच.

परक्या गोठ्याचं एवढं कौतुक कशाला? शेजारच्या दौंड तालुक्यात, रोटीला, चांगली वायनरी उभी आहे. पण आपल्याकडे वाइन चाखण्याआधी तिची जात विचारतात. जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने ती सुपरमार्केटात विकायचं ठरवलं, तेव्हा वाइन म्हणजे दारू का, यावरच राज्यभर जुंपली. दारूबंदी कायदा 1949 चा, प्यायला परवाना त्याच्याच कृपेने लागतो.

अर्धी बाटली फडताळात आहे. या कधीही. साखर घरात आहे, परवाना तेवढा आपापला आणा.