आवाज वजा पस्तीस

आमच्या दिवाणखान्यात सध्या आवाज वजा पस्तीस आहे.

आवाज उणे असू शकतो हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर टीव्हीचा आवाज बारा असायचा, क्रिकेट असलं तर अठरा आणि आई येऊन बसली की तीस. आता टीव्हीखाली जे काळं यंत्र बसवलंय त्याच्या कपाळावर निळ्या अक्षरांत '-३५ डीबी' असं उमटतं. मोठा करत गेलं की वजा तीस, वजा पंचवीस, अशी सोसायटीच्या थकबाकीसारखी फेड सुरू होते. जोडणी करणारा मुलगा सांगून गेला, "काका, सिनेमाचा आवाज स्टुडिओत ज्या पातळीवर मिक्स करतात ती म्हणजे शून्य. तुम्ही तिच्या किती खाली आहात ते हा आकडा सांगतो." आपण कुणाच्या किती खाली आहोत हे रोज संध्याकाळी सांगायचं काम पूर्वी नातेवाईक फुकट करत. आम्ही त्यासाठी हप्ते भरतोय.

एका रविवारी ठरवलं, यंदा कर्ज फेडूनच टाकायचं. पण डेसिबलचा व्याजदर सावकारी आहे. दहा डेसिबल चढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, पण अ‍ॅम्प्लिफायरला ताकद लावावी लागते दहापट. म्हणजे वजा पस्तीसवरून वजा पंधरावर जायचं तर शंभरपट. मी तिथवर पोहोचलो. शोकेसमधली काचेची हंसांची जोडी हळूहळू कडेला सरकू लागली. सेक्रेटरी दारावरची बेल वाजवत होते, ती ऐकू आली नाही. त्यांनी फोन केला, तोही ऐकू आला नाही. शेवटी त्यांनी खाली मीटरच्या खोलीत जाऊन आमचा मेन स्विच पाडला. शून्य गाठायला अजून पंधरा बाकी होते.

या यंत्राला प्रोसेसर म्हणतात. त्यातून स्वतःचा असा आवाज येत नाही. कुठल्या स्पीकरनं केव्हा, काय आणि किती बोलायचं एवढंच तो ठरवतो. अंगमेहनत अ‍ॅम्प्लिफायरची, तोंड स्पीकरचं. पक्षश्रेष्ठींचं काम याहून सोप्या शब्दांत मला तरी कुणी समजावलेलं नाही. स्पीकरांतही उतरंड आहे. नायक-नायिकेचे जवळजवळ सगळे संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. डावे-उजवे संगीत सांभाळतात. मागे बसवलेल्यांना पाऊस, टाळ्या आणि हेलिकॉप्टर. बोलायचं ते केंद्रानं, मागच्यांनी फक्त वातावरणनिर्मिती करायची.

स्पीकरांच्या मांडणीचा आकडा यंत्राच्या कपाळावरच्या पाटीवर येतो, ५.१.२. आईनं चष्मा लावून तो वाचला आणि विचारलं, "सर्व्हे नंबर पाच, हिस्सा एक, पोटहिस्सा दोन का रे? सातबारा कुणाच्या नावावर आहे?" मी खुलासा केला. पाच स्पीकर कानाच्या उंचीवर, दोन छतात. मधला एक म्हणजे सबवूफर. १२० हर्ट्झच्या खालचा घुमारच तेवढा त्याच्यासाठी राखून ठेवलेला असतो, म्हणून त्याला टिंबाच्या मागे बसवतात. पूर्ण आकड्याचा मान नाही, पण इमारत हलवायची झाली की हाच. डॉल्बी अ‍ॅटमॉस २०१२ साली चित्रपटगृहात आलं. आमच्या छताला त्याची दोन भोकं पडली ती गेल्या दिवाळीत, रंगकाम झाल्यावर आठव्या दिवशी.

आता रिमोट. अमेरिकेत १९५५ साली झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉलीनं टीव्हीसाठी बिनवायरचा पहिला रिमोट केला, तो विजेरीसारखा होता. टीव्हीच्या कोपऱ्यांवर प्रकाश मारायचा की काम व्हायचं. खिडकीतून ऊन आलं तर सूर्यनारायणही चॅनेल बदलायचे. पुढच्या वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलरनं दुसरा काढला. त्यात सेलच नव्हते. बटण दाबलं की आत छोटी हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीवर बसायची आणि माणसाला ऐकू न येणारा नाद टीव्हीला ऐकू जायचा. कांड्या चार, कामं चार. इकडे १९९५ साली युतीचं सरकार आलं तेव्हा त्याचा रिमोट आपल्या हातात असल्याचं बाळासाहेब ठाकरे उघड सांगत. त्या रिमोटला किती बटणं होती ठाऊक नाही, पण त्याचं माहितीपुस्तक वाचत बसलेलं कुणी पाहिलं नाही.

आमच्या रिमोटला त्रेपन्न बटणं आहेत, मी मोजली. त्यातली लाल, हिरवं, पिवळं, निळं ही चार कशाला आहेत हे जोडणीवाल्या मुलालाही माहीत नव्हतं, पण त्यानं ते फार आत्मविश्वासानं सांगितलं. 'फोनो' हे तबकडीच्या प्लेयरसाठी. आमचा प्लेयर भंगारवाल्याकडे गेला त्याला तीस वर्षं झाली. डीव्हीडीच्या भोकात चिरंजिवांनी बंगळुरूहून येऊन इंटरनेटची कांडी खोचली. सेट-टॉप बॉक्सची वायर आखूड पडली, म्हणून तो 'गेम'वर लागलाय. परिणामी आई रोज सकाळी 'गेम' लावून कीर्तन ऐकते. बुवा कुठल्या मोडमध्ये कीर्तन करतात तेही पाटीवर सरकत येतं. एकदा 'मल्टी चॅनेल स्टिरिओ' पडला आणि बुवा पाचही कोपऱ्यांतून एकदम बोलू लागले. आई म्हणाली, सर्वांभूती परमेश्वर म्हणतात तो हाच, आता राहू दे असंच.

आणि मग एक दिवस पाटी विझली.

आवाज येत होता, चित्रही दिसत होतं, पण यंत्राच्या कपाळावर अंधार. वजा किती ते दिसेना, मोड कळेना. मी रिमोट तळहातावर आपटला, सेल गोल फिरवले, ते दाताखाली चावून पाहिले. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबलं. डोळ्याला न दिसणारा त्याचा किरण कॅमेऱ्यात जांभळा लुकलुकतो, तसा तो लुकलुकला. म्हणजे रिमोट ठणठणीत. मग यंत्रच गेलं असणार. तीन दिवस आम्ही सिनेमा लावला नाही. आवाज किती आहे हेच माहीत नसताना तो ऐकणार कसा? आई मात्र खुशाल ऐकत होती. तिला म्हटलं, "अगं, बिघडलंय ते." ती म्हणाली, "मला ऐकू येतंय ना!" तिला तांत्रिक बाजू समजत नाही.

चौथ्या दिवशी मेकॅनिक आला. त्यानं बूट काढले, पाणी प्यायला, रिमोट हातात घेतला आणि एक बटण दाबलं. पाटी उजळली. त्या बटणाचं नाव डिमर. एकदा दाबलं की पाटी मंद होते, दोनदा दाबलं की आणखी मंद, तिसऱ्यांदा बंद. अंधारात सिनेमा पाहताना त्या निळ्या उजेडाचा डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून ही सोय आहे. घरी येण्याचे सहाशे रुपये झाले. पाटीवर आवाज होता वजा एकवीस. म्हणजे तीन दिवस कुणी आकडा न पाहता चौदा डेसिबल कर्ज फेडून टाकलं होतं.

बायकोनं त्याच संध्याकाळी रिमोटवर खाकी चिकटपट्टी लावली. तीन बटणं उघडी ठेवली, बाकीची पन्नास झाकली. घरात शांतता नांदली. काल रात्री पाटी पुन्हा विझली. डिमर पट्टीच्या खालूनही दाबलं जातं.