आजोबा पुढे गेले

शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पळताना मला मागे टाकून जाणाऱ्यांचा हिशेब मी ठेवत नाही. पण एक आजोबा तो ठेवायला लावतात. डोक्याला माकडटोपी, बाजूला एक स्नेही आणि तोंडी सोसायटीच्या पुनर्विकासाचा विषय. ते चालत असतात, मी पळत असतो. मला ओलांडताना ते आपुलकीने विचारतात, "काय, चालू आहे ना?" त्यातला 'चालू' मला फार लागतो.

वास्तविक हे मी मुद्दाम करतो. आधीची दोन वर्षं मी रोज जीव खाऊन पळलो. वेळ काही सुधारली नाही. माझ्या पोटरीने एका फिजिओथेरपिस्टच्या घराचे हप्ते मात्र नियमित फेडले. शेवटी आमच्या ग्रुपच्या सरांनी सांगितलं, "गप्पा मारता येतील एवढंच पळा." पहिल्या दिवशी मी इतका हळू होतो की मनगटावरच्या घड्याळाला वाटलं, हा थांबला, त्याने आपणहून मोजणी बंद केली. तेवढ्यात बायकोचा फोन आला. कोथिंबीर, आलं, अर्धा किलो भेंडी ही यादी मी एका दमात परत म्हणून दाखवली. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "अहो, खरं सांगा, कुठल्या हॉटेलात बसलायत?"

सरांचं म्हणणं नवीन नव्हतं. न्यूझीलंडचे आर्थर लिडियर्ड मूळचे बुटांच्या कारखान्यातले. त्यांनी आपल्या पोरांना आठवड्याला शंभरेक मैल पळवलं आणि त्यातला मोठा भाग दमछाक न होणारा ठेवला. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं.

मला मात्र त्यांच्या पाहुण्याची गोष्ट जास्त जवळची. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन साठच्या दशकाच्या सुरुवातीला ऑकलंडला गेले आणि तिथल्या हौशी मंडळींबरोबर सहज पळायला निघाले. पहिल्या चढालाच मागे पडले. सोबतीला थांबले ते सत्तरी उलटलेले, हृदयविकारातून उठलेले एक गृहस्थ, आणि तेही गप्पा मारत! बॉवरमननी पुढे नायकीच्या स्थापनेत हात घातला. पण त्याच धड्यावर १९६७ साली 'जॉगिंग' नावाचं पुस्तकही लिहिलं. म्हणजे आजोबांनी मागे टाकणं ही थोर परंपरा आहे.

हळू पळताना आत बरंच काही घडतं. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. शाळेत आकृती काढून ज्यांना नावं दिली त्या तंतुकणिका वाढतात आणि शरीर साखर राखून चरबी जाळू लागतं. शिवाय स्नायू लवकर तयार होतात, कंडरा सावकाश. आजोबांच्या भाषेत सांगायचं तर स्नायू म्हणजे लगेच सही करणारे सभासद आणि कंडरा म्हणजे तळमजल्यावर अडून बसलेला तो एक. त्याला न विचारता पाडकाम सुरू केलं की प्रकरण लांबतं.

अव्वल धावपटूही आठवड्यातलं साधारण ८० टक्के पळणं सोपंच ठेवतात. उरलेल्यात जीव तोडतात. आम्ही हौशी लोक रोजच अर्धामुर्धा जीव तोडतो. त्यामुळे सोपा दिवस सोपा राहत नाही आणि अवघड दिवशी अंगात काही उरत नाही. हळू पळायला पायांची ना नसते. नाकाची असते.

यंदा जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडचा चढ मी पहिल्यांदाच न थांबता चढलो. दुसऱ्या दिवशी ही बातमी आजोबांना दिली. "छान," ते म्हणाले आणि पुढे गेले.

तेव्हा शिवाजी पार्कला आलात आणि कुणी पळतोय की चालतोय हे कळेना, तर तो मीच. खुशाल हाक मारा. बोलण्याइतका दम आता आहे.