५३४ एकरांची पाहणी

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांनी भेटीस आलेल्या वडीलधाऱ्यांना काय काय दाखवावे, याचा एक अलिखित परिपाठ आता पुरता रूढ झालेला आहे. त्यात प्रथम घर, मग घरातील भांडी घासणारे यंत्र, मग भारतीय वाणसामानाचे दुकान, मग देऊळ, आणि ही सर्व स्थळे संपूनही पाहुण्यांचा मुक्काम शिल्लक राहिला तर सरतेशेवटी निसर्ग, असा क्रम असतो. निसर्गाचा नंबर शेवटी लागतो, कारण त्यात चालावे लागते. सिअॅटल शहरी आमच्या लेकीच्या घरी हा टप्पा येऊन ठेपला, तेव्हा आम्ही उभयता तर तेथे होतोच, परंतु योगायोगाने आमचे व्याही आणि विहीणबाई यांचाही मुक्काम त्याच छपराखाली होता. आणि दोन्हीकडचे व्याही एका घरात एकाच वेळी नांदणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना पुढील हकिकतीतले बरेचसे न सांगताच उमजेल.

आमचे व्याही महसूल खात्यात कारकुनीपासून चढत चढत नायब तहसीलदार होऊन निवृत्त झाले. पेन्शन सुरू झाली तरी खाते काही सुटले नाही. कोणतीही जमीन दृष्टीस पडली की तिच्या सौंदर्याकडे वळण्यापूर्वी तिचा सातबारा पाहावा, अशी त्यांची मनोरचना कायमची झालेली आहे. अमेरिकेस येताना विमानाच्या खिडकीतून ग्रीनलंडचा तो अफाट, शुभ्र, निर्मनुष्य विस्तार दिसला असता इतर उतारू भावविवश होऊन छायाचित्रे घेत होते; व्याह्यांनी क्षणभर खाली पाहिले आणि "सगळा पोटखराबा," एवढा अभिप्राय देऊन ते पुन्हा झोपी गेले, असे विहीणबाईंकडून समजले.

"आज आपण डिस्कव्हरी पार्कला जाऊ," असे जावईबापूंनी जाहीर केले. शहराच्या पश्चिमेस मॅग्नोलिया नावाचा उंचवट्याचा भाग समुद्राच्या खाडीत शिरलेला आहे, त्याच्या टोकाला हे उद्यान. क्षेत्रफळ ५३४ एकर, म्हणजे शहरातील सर्वांत मोठे. आत अरण्य, कुरणे, कडे, पायवाटा आणि खाली दोन बाजूंना समुद्रकिनारा. हे वर्णन ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी दशम्यांचे पीठ मळावयास घेतले. व्याह्यांनी मात्र डोळे मिटून तोंडी हिशेब केला आणि ते म्हणाले, "म्हणजे २१,३६० गुंठे. शहराच्या ऐन हद्दीत, समुद्राच्या दर्शनी बाजूस इतकी जमीन मोकळी, आणि कोणी बिनशेती करून घेतली नाही? यात काहीतरी भानगड असली पाहिजे."

भानगड होती. ती गाडीत आमच्या लेकीने सांगितली. तिला या शहराचा इतिहास जावयांपेक्षा अधिक ठाऊक आहे, हे आम्ही व्याह्यांच्या देखत मोठ्याने बोलून दाखविले नाही, कारण मुलीकडच्या बाजूने काही गोष्टी मनातच ठेवावयाच्या असतात. व्याह्यांनी खिशातली डायरी काढली आणि सांगितलेली प्रत्येक बाब ते फेरफाराच्या नोंदीप्रमाणे टिपू लागले. मूळ कब्जेदार या किनाऱ्यावरील आदिवासी जमाती. १८५५ च्या पॉइंट एलियट येथील करारान्वये त्यांचे नाव कमी झाले. पुढे गावाची भरभराट व्हावी, शिपाई आले म्हणजे बाजारपेठ वाढावी, या आशेने शहरातील प्रतिष्ठितांनी शेकडो एकर जमीन जमवून केंद्र सरकारच्या लष्करास बक्षीस दिली. लष्कराने १९०० साली तेथे फोर्ट लॉटन नावाचे ठाणे वसविले, पण ज्या भरभराटीच्या भरवशावर हे दान झाले होते ती काही अवतरली नाही. अखेर १९३८ साली लष्कराने ही संपूर्ण जागा एका डॉलरला परत घ्या, असे शहराला कळविले. आणि शहराने, देखभालीचा खर्च परवडणार नाही या सबबीवर, ती नाकारली.

"एक डॉलर?" व्याही म्हणाले. त्यांची पेन्सिल जागच्या जागी थांबली. आयुष्यभर शेजाऱ्याच्या हातभर बांधावरून डोकी फुटलेली पाहिलेल्या त्या वृद्ध अधिकाऱ्याला, समुद्रकाठची शेकडो एकर जमीन रुपयाच्या भावात दाराशी आली असता दार लावून घेणारे गाव या भूतलावर असू शकते, हे पचविण्यास बराच अवधी लागला. "तो ठराव ज्याने केला," शेवटी ते म्हणाले, "त्याची खातेनिहाय चौकशी झाली का?"

पुढे दुसऱ्या महायुद्धात याच ठाण्यातून लाखो सैनिक पॅसिफिककडे रवाना झाले. नंतर ठाणे ओसरले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लष्कराच्या मनात येथे क्षेपणास्त्रविरोधी तळ उभारावयाचे आले, तेव्हा नागरिकांनी ओरड करून तो बेत हाणून पाडला. त्यावर १९७० च्या मार्चमध्ये बर्नी व्हाइटबेअर यांच्या नेतृत्वाखाली आदिवासी स्त्रीपुरुष कुंपणे ओलांडून आत शिरले आणि 'ही भूमी आमची' म्हणून त्यांनी तंबू ठोकले. लष्कराने त्यांना बाहेर काढले, ते पुन्हा शिरले; शेवटी तडजोड होऊन वीस एकर जागा ९९ वर्षांच्या पट्ट्याने त्यांच्याकडे आली आणि १९७७ साली तेथे 'डेब्रेक स्टार' हे त्यांचे सांस्कृतिक केंद्र उभे राहिले. "मूळ मालकालाच भाडेपट्टा!" असे उद्गारून व्याह्यांनी या नोंदीखाली दोनदा रेघ ओढली. ती दाद होती की हरकत, हे आम्ही विचारले नाही.

उद्यानाच्या पूर्वद्वारी अभ्यागतांसाठी एक कचेरी आहे. खालच्या किनाऱ्यापर्यंत कोणालाही मोटार नेता येत नाही. चालत जावे लागते. अपवाद अपंग व्यक्ती, लहान मुलांचे पालक आणि वयाची ६२ वर्षे पूर्ण केलेले ज्येष्ठ नागरिक यांचा. त्यांना येथे परवाना मिळतो. मेजामागे बसलेल्या बाईंनी हे आम्हांस अतिशय सौजन्याने समजावून सांगितले आणि आमच्या डोक्याकडे पाहून परवान्याचा कागद पुढे सरकविला. तेथे एक विलक्षण शांतता पसरली. आम्ही व्याह्यांकडे पाहिले. व्याह्यांनी आमच्याकडे पाहिले. वरपक्षासमोर आपण थकलो आहोत असे मुलीच्या बापाने लेखी द्यावे, हे आमच्या कुळाला शोभणारे नव्हते. आणि मुलीच्या बापासमोर वरपक्षाने वृद्धत्वाचा दाखला घ्यावा, हे तर त्यांच्या तालुक्यात अश्रुतपूर्व. "आपण बसा गाडीत, व्याहीबुवा," ते म्हणाले. "छे, छे, आपणच बसावे," आम्ही म्हणालो. "मी रोज पर्वती चढत असे," असे आम्ही म्हणताच, आपण घोड्यावरून नव्वद गावांची जमाबंदी केल्याचे त्यांनी सांगितले. हा संवाद चालू असतानाच सौभाग्यवती आणि विहीणबाई पुढे झाल्या, आपापली वये त्यांनी स्पष्ट आवाजात जाहीर केली, परवाना हस्तगत केला आणि दशम्यांच्या डब्यासह लेकीच्या शेजारी गाडीत बसून त्या उताराने दिसेनाशाही झाल्या. स्त्रिया वय लपवितात हा प्रवाद ज्याने कोणी प्रचलित केला, त्याने त्यांना गाडीचा परवाना कधी देऊ केला नसावा.

राहिलो आम्ही तिघे पुरुष. उद्यानास वळसा घालणारी सुमारे पावणेतीन मैलांची एक पायवाट आहे, ती धरून आम्ही अरण्यात शिरलो. येथील रुंद पानांच्या मेपल वृक्षांच्या खोडांवर शेवाळाचा इतका जाड थर असतो की बोट टेकविले असता पहिले पेर पूर्णपणे आत जाते आणि खोड लागत नाही. त्या शेवाळावर पुन्हा नेचे उगवतात, आणि वर कोठेतरी फर आणि सीडर वृक्षांच्या शेंड्यांतून उजेड ठिबकत असतो. एका वळणावर हातमोजे घातलेली काही मंडळी काटेरी वेलींचे जाळे मुळासकट उपटताना दिसली. हे स्वयंसेवक असून उपद्रवी, परक्या झुडपांचे उच्चाटन करण्यासाठी ते सुटीच्या दिवशी येतात, असे जावई म्हणाले.

"अतिक्रमण!" व्याह्यांचे डोळे चमकले. "कोणाचे?"

"हिमालयन ब्लॅकबेरी म्हणतात त्याला, अप्पा," असे जावयांनी सांगताच त्या स्वयंसेवकांपैकी एका वृद्ध गृहस्थांनी आमच्याकडे पाहून किंचित अपराधी मुद्रेने मान लवविली. जणू आमच्याच भावकीतला कोणी त्यांनी रंगेहाथ पकडला होता. वस्तुस्थिती अशी, की लूथर बरबँक या विख्यात उद्यानतज्ज्ञाला १८८५ च्या सुमारास हे बी हिंदुस्थानातून मिळाले, म्हणून त्याने त्याला हिमालयाचे नाव देऊन विकावयास आणले. झुडपाचे खरे मूळ तिकडे आर्मेनियाच्या बाजूस. हे ऐकून व्याही निश्चिंत झाले. "बोगस कूळ," त्यांनी निर्णय दिला, "खुशाल उपटा." आणि तो निर्णय मराठीत असूनही त्या गृहस्थांना समजला असावा, कारण त्यांनी लगेच पुढच्या वेलीला हात घातला.

अरण्य संपून कुरण लागते, आणि कुरण संपते ते थेट कड्याच्या काठाशी. खाली प्युजेट साउंडचे निळे-करडे पाणी, पलीकडे बर्फाच्छादित ऑलिंपिक पर्वतरांग, आणि आग्नेयेस १४,४१० फूट उंचीचा माउंट रेनियर. यांपैकी रेनियर हा पर्वत अत्यंत अनियमित हजेरीचा आहे. ढग असले की तो आठवडेच्या आठवडे रजेवर असतो, आणि ज्या दिवशी हजर होतो त्या दिवशी गावातील माणसे एकमेकांना ती वार्ता आवर्जून सांगतात. आमच्या पाहणीच्या दिवशी तो गैरहजर होता. व्याह्यांनी तशी नोंद केली.

कड्यावर तांबूस खोडाचे, कागदासारखी साल सुटून आतला हिरवट गाभा उघडा पडणारे मद्रोना नावाचे वृक्ष आहेत. १८५६ साली सरकारी किनारामोजणीवरील जॉर्ज डेव्हिडसन यांनी जहाजावरून हे वृक्ष पाहिले, ते मॅग्नोलिया आहेत असा समज करून घेतला आणि कड्याला तेच नाव नकाशात घातले, अशी येथील परंपरा आहे. या कथेने व्याह्यांना जितका आनंद झाला तितका निसर्गातील दुसऱ्या कशानेही झाला नाही. महसूल आणि मोजणी या दोन खात्यांमधील वैर काय असते, हे ज्यांनी हद्दीचे दगड शोधण्यात उमेद घालविली त्यांनाच ठाऊक. "जागेवर न जाता नकाशा!" ते पुनःपुन्हा म्हणत राहिले. "इकडेही तेच!"

तेथून पायऱ्यांची वाट खाली किनाऱ्यावर उतरते. ओहोटी लागली होती. दूरवर ओली वाळू उघडी पडली होती आणि वाहून आलेले अवाढव्य ओंडके काठाने पसरले होते. टोकावर १८८१ साली प्रथम पेटविलेले वेस्ट पॉइंटचे दीपगृह आहे. दीपगृह म्हणजे गगनचुंबी मनोरा, ही आमची कल्पना. हे जेमतेम तेवीस फूट उंचीचे निघाले, आणि वाड्याच्या अंगणातील तुळशीवृंदावनाने थोडे अंग धरावे तसे ते दिसत होते. एका ओंडक्यावर आमचा महिलावर्ग प्रसन्न मुद्रेने विराजमान झालेला होता. विहीणबाईंनी सागरदर्शन घडल्याबद्दल त्या जलाने डोळे पुसून, चार थेंब मस्तकी धारण केले होते आणि आता त्या व्याह्यांनाही तसे करण्याचा आग्रह करीत होत्या. नेमक्या याच क्षणी जावयांनी, मागच्या हिरव्यागार झाडांच्या भिंतीकडे बोट दाखवून, तिच्या आड सिअॅटल शहराचे भलेमोठे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, अशी माहिती दिली. शुद्ध केलेले पाणी फार दूर, खोल समुद्रात सोडतात, हेही त्यांनी तत्काळ जोडले. परंतु माहितीतील दुसरे वाक्य पहिल्याला कधीच गाठू शकत नाही. व्याह्यांनी ओंजळीतले पाणी सावकाश समुद्रास परत केले.

दशम्या झाल्या. परतताना गाडीत जागा आहे, असे विहीणबाईंनी सुचविले. आम्ही दोघांनी ती सूचना एकमुखाने फेटाळली. चढावर निसर्गाचे सौंदर्य फार वाढते, असा आमचा अनुभव आहे. दर वीस पावलांवर व्याह्यांना एखादा पक्षी दिसे आणि तो नाहीसा झाल्यावर आम्हांस एखादे पान. अशा रसिकतेने मार्गक्रमण चालले असताना एका बाकावर ते टेकले आणि त्यांनी डायरी मिटली.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "ही जमीन वाचली कशी, ते आता ध्यानात आले. कज्जात होती म्हणून. गावाने दिली, लष्कराला नको झाली, गावाने घेतली नाही, मूळ कब्जेदार आत शिरले; सत्तर वर्षे कोणाचेच नाव पक्के लागेना, तोवर झाडे वाढली. स्पष्ट मालकीची असती तर १९१० साली प्लॉट पडले असते."

हे महसुली तत्त्वज्ञान पूर्णांशाने खरे आहे. मात्र त्यास एक पुरवणी जोडली पाहिजे. जमीन शहराच्या नावावर चढल्यावर, येथे गोल्फचे मैदान करावे असा प्रस्ताव आला असता मतदारांनी तो नाकारला. दप्तरदिरंगाईने जे अनवधानाने राखले ते नागरिकांनी पुढे जाणूनबुजून राखले, आणि दर सुटीला हातमोजे घालून ते आजही राखीत आहेत. मोकळी जागा दिसताच तिच्यावर कारंजे, पुतळा आणि उद्घाटनाची फरशी बसविण्याची ज्यांना घाई होते, अशा आमच्याकडील नगरपित्यांनी अभ्यासदौऱ्यासाठी स्थळ शोधण्याचा त्रास घेऊ नये. हे योग्य आहे, आणि येथे करण्यासारखे काहीही केलेले नाही हेच अभ्यासण्याजोगे आहे.

ज्या वाचकांची मुले त्या शहरी आहेत त्यांनी हे उद्यान अवश्य पाहावे. वय ६२ च्या पुढे असल्यास परवाना निःसंकोच घ्यावा. आणि व्याही बरोबर असल्यास तो त्यांच्या नावाने, त्यांना न विचारता, घ्यावा.