बजेट ठरलं, दुर्बीण राहिली

महाराष्ट्रात शिकार बंद झाली तरी शिकारी संपलेला नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१च्या दुरुस्तीने उरलीसुरली दारंही लागली आणि बंदुका खुंटीला टांगल्या गेल्या. पण सावज हेरावं, दिवसेंदिवस त्याच्या मागावर राहावं आणि ते टप्प्यात आलं की ‘याहून चांगलं मिळेल’ म्हणून चाप ओढू नये, हा स्वभाव काही कायद्याने जात नाही. या स्वभावाची माणसं हल्ली दुर्बिणीच्या शिकारीला निघतात. वय पस्तीस ते साठ, डोळ्याला चष्मा, नोकरी बँकेत, कॉलेजात किंवा हिंजवडीला, रविवारी पहाटे टेकडीवर हजेरी. पक्षिनिरीक्षणाची आवड खरी आणि बजेटही ठरलेलं. ‘पंधरा हजार म्हणजे पंधरा हजार, वर एक रुपया नाही,’ हे तो इतक्या ठामपणे सांगतो, की दुर्बीण संध्याकाळपर्यंत घरात येणार असं ऐकणाऱ्याला वाटावं. पावसाळ्यामागून पावसाळे जातात, ती येत नाही. अशा माणसाला आपण दुर्बीणपारखी म्हणू. मित्र त्याला चिकट म्हणतात, घरचे चेंगट म्हणतात. माझ्या मते दोन्ही निदानं चुकली आहेत. पारखी पैशापाशी अडलेला नसतो. ठरलेलं बजेट ही त्याची अडचण नसून सोय असते. बजेटात बसतं ते पटत नाही आणि पटतं ते बजेटात बसत नाही. या दोहोंच्या मधल्या बोळात त्याला जन्मभर शतपावली घालता येते.

याचा पुरावा त्याच्या एक्सेल शीटमध्ये आहे. डावीकडे मॉडेलांची नावं आणि वर रकाने: पुढचं भिंग किती मिलिमीटरचं, वजन किती ग्रॅम, हजार मीटरवर किती रुंदीचा देखावा मावतो, जवळात जवळ कुठे फोकस होतं, चष्मा न काढता पूर्ण चित्र दिसतं का. शेवटचा रकाना ‘शेरा’. त्यात प्रत्येक दुर्बीण नापास करण्याचं एकेक कारण नोंदलेलं असतं. १५,००० रुपयांच्या आत ८×४२ची एक बरी दुर्बीण सापडते. तिचा गुन्हा इतकाच, की आणखी चार हजार टाकले तर ईडी काच मिळते आणि फांदीच्या कडेला दिसणारी जांभळी झाक कमी होते. ईडी घ्यायची तर प्रिझमवरचं डायइलेक्ट्रिक कोटिंग कशाला सोडा? आणि तेही घ्यायचं तर अगदी कडेपर्यंत स्वच्छ चित्र देणारी दुर्बीण थोडीशीच वर आहे. असं थोडं थोडं वर चढत हा गृहस्थ रात्री साडेअकराच्या सुमारास ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये, अबसाम गावी, स्वारोव्स्कीच्या दारात पोचतो. तिथली किंमत लाखांत असते. तो आकडा पाहून त्याचा चेहरा पडायला हवा. पण उलट तो खुलतो. ‘आपलं बजेट पंधरा,’ असं म्हणून तो लॅपटॉप मिटतो आणि गाढ झोपतो. पुढच्या शनिवारी शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून. ज्याला खरोखरच परवडत नाही, तो असा वागत नाही. तो आठ-दहा हजारांत मिळेल ती बरी दुर्बीण घेऊन मोकळा होतो आणि आठवड्याभरात साळुंकी कुठली आणि भांगपाडी मैना कुठली, हे त्याला लांबूनही कळायला लागतं.

पारख्याचं ज्ञान मात्र अस्सल असतं, हे कबूल करायलाच हवं. ४२ला ८ने भागलं की ५.२५ येतात आणि डोळ्याशी पोचणाऱ्या प्रकाशझोताचा तो मिलिमीटरमधला व्यास असतो, हे त्याला झोपेतही सांगता येतं. इटलीच्या इग्नात्सिओ पोरोने १८५४मध्ये आपल्या प्रिझमचं पेटंट घेतलं. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश वाया जातो. १९३५मध्ये त्साइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने त्यावर लेपाचा उपाय काढला. सरळ नळीच्या दुर्बिणीत प्रिझममुळे चित्र किंचित मऊ पडतं आणि १९८८मध्ये त्साइसनेच फेज कोटिंग आणून ते सुधारलं. हे सगळं तो बरोबर सांगतो. दुकानात त्याला पाहावं. आधी तो दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करतो आणि मागच्या भिंगांत दिसणाऱ्या दोन उजळ चकत्या निरखतो. चकती पुरती गोल असेल तर प्रिझम बीएके-४ काचेचं. कडा करड्या आणि तासल्यासारख्या दिसल्या तर बीके-७, म्हणजे मामला हलका. मग रस्त्यापलीकडच्या पाटीवरची अक्षरं मध्यभागी आणून हळूहळू कडेला नेतो. मग आभाळासमोरची विजेची तार धरतो आणि तिला जांभळी किनार आहे का ते पाहतो. मग चष्म्यासकट, मग चष्म्याविना. डोळ्यांजवळचे रबरी कप फिरवून त्यांची टकटक कान देऊन ऐकतो. एव्हाना दुकानदाराने उत्साहाने खोका पुढे केलेला असतो. ‘पॅक करू ना, साहेब?’ साहेब दुर्बीण काउंटरवर अलगद ठेवतात आणि म्हणतात, ‘नाही नाही, आत्ता नुसती बघतोय.’ बघितलेलं असतं ते पाटी आणि तार.

रानात गेल्यावरही हा क्रम बदलत नाही. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर पट्टकादंबांचा थवा उतरला, की नावेतले सगळे ‘कुठला, कुठला?’ करत पाण्याकडे वळतात. हा शेजारच्याच्या गळ्याकडे बघून विचारतो, ‘कुठली?’ शेजाऱ्याने भाबडेपणाने दुर्बीण त्याच्या हाती दिली, की ती थव्यावर टेकायच्या आत विजेच्या खांबावर जाते. वनपिंगळ्याची कथा कोणालाही थरारून टाकेल अशी आहे. १८८४नंतर त्याची खात्रीची नोंद नाही, पक्षी नामशेष झाला असं धरून चाललेलं, आणि १९९७मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा सापडतो. मधे ११३ वर्षं. ही गोष्ट ऐकून पारख्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो, शोधणाऱ्यांकडे दहापटीची होती की आठपटीची. मापं घेण्यात रमून कापडाला कात्री न लावणारा शिंपी जसा वाईट शिंपी नसतो, तसाच हाही वाईट निरीक्षक नसतो. त्याचं निरीक्षण फक्त भिंगाच्या अलीकडे संपतं.

यावर पहिला आक्षेप असा, की घामाच्या पैशाची वस्तू पारखून घेण्यात गैर काय? आणि स्वस्तातली दुर्बीण खरोखरच वाईट नसते का? असते. रस्त्यावर मिळणाऱ्या, पुढे लाल चकाकणारी भिंगं आणि अंगावर भलेमोठे आकडे मिरवणाऱ्या दुर्बिणीत प्रकाश कमी आणि जाहिरात जास्त. दोन नळ्या एकमेकींशी नीट जुळलेल्या नसतील, तर दोन चित्रं एक करता करता अर्ध्या तासात डोकं दुखतं. एका पातळीखालचा माल घेऊच नये, हे पारख्याचं मत सोळा आणे खरं. पण ती पातळी एकदा ओलांडली की पुढच्या प्रत्येक हजारात मिळणारा फरक बारीक होत जातो, हेही तितकंच खरं आहे, आणि ते त्याच्या शीटमध्ये कुठल्याही रकान्यात नाही. अटी लावायच्या त्या मोजक्याच: ८×४२ माप, बीएके-४ प्रिझम, फेज कोटिंग, आत नायट्रोजन भरून पाणी आणि धुकं रोखलेलं, चष्मा असेल तर निदान १५-१६ मिलिमीटर आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसत असताना मागचं भिंग आणि डोळा यांच्यातलं अंतर, आणि तासभर गळ्यात सहन होईल इतकं वजन. दहापटीचा मोह टाळावा, कारण पक्षी मोठा दिसतो तशी हाताची थरथरही मोठी होते. एवढ्या चाळणीतून पंधरा हजारांत मोजक्याच दुर्बिणी खाली उरतात. त्या हातात घ्याव्यात, डोळ्याला जी सहज बसेल ती ठेवावी. हे एका दुपारचं काम आहे. त्याला वर्षं लागत असतील, तर लागणारा वेळ निवडीला लागत नाही, निवड टाळायला लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो थेट शिकाऱ्यांकडून आला आहे. चांगल्या काचेची किंमत संध्याकाळी वसूल होते, असं युरोपातला शिकारी सांगतो. त्याचं बरोबर आहे. जर्मनी-ऑस्ट्रियात मचाणावर बसून अंधुक उजेडात रानडुकराची वाट पाहणाऱ्यासाठी ८×५६ची दुर्बीण असते. ५६ भागिले ८ म्हणजे ७ मिलिमीटर, अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच उघडते. शेवटच्या अर्ध्या तासात त्याला सावज नर आहे की पिलांबरोबरची मादी, हे ओळखायचं असतं; चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. तिथे काचेवर जास्त पैसे घालणं हा शहाणपणाच. पण पारख्याने हा मुद्दा सगळाच्या सगळा कोथरूडला आणला. ज्या कातरवेळेसाठी तो जास्तीचे पैसे मोजायच्या विचारात आहे, त्या वेळी ताडोबाच्या गाभ्यातल्या सफारीच्या गाड्या गेटाबाहेर पडलेल्या असतात आणि टेकडीवरचे निरीक्षक भेळेकडे वळलेले असतात. सकाळी नऊच्या उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरची होते, तेव्हा ४२च्या भिंगातून आलेला प्रकाशझोतही तिच्यात पुरता मावत नाही. मोठ्या झोताने डोळा बसवायला सोपं जातं, डुगडुगत्या नावेत त्याचा उपयोग होतो, हे मान्य. पण ती सोय ४२मध्ये पुरेशी आहे. तरी पारखी ८ आणि ५६चा गुणाकार करतो, कातरवेळेचा गुणांक म्हणून त्याचं वर्गमूळ काढतो, २१ आले म्हणून मान डोलावतो आणि किलोभराहून जड असा तो ऐवज शिंजीर बघायला गळ्यात अडकवण्याची स्वप्नं पाहतो.

तिसरा आक्षेप भावनेचा: दुर्बीण आयुष्यात एकदाच घ्यायची, मग घाई कशाला? पण याच कारणासाठी घाई करायला हवी. वयाबरोबर अंधारातही बाहुली पूर्वीइतकी उघडेनाशी होते. तरुणपणी सात मिलिमीटर असलेली ती साठीकडे पाचच्या आसपास किंवा त्याहून खाली येते. म्हणजे निवड जितकी लांबते, तितकी पारख्याच्या मनातली दुर्बीण त्याच्या डोळ्यापेक्षा मोठी होत जाते. काच थांबायला तयार असते, डोळा थांबत नाही. शिवाय ‘जन्मभर टिकेल’ हे वाक्य कोकणात जून ते सप्टेंबर काढलेल्या माणसाने जपून उच्चारावं. कपाटात कोंडलेल्या भिंगावर तिथे बुरशीची जाळी धरते आणि ती किमतीकडे पाहत नाही. रोज वापरलेली, पुसून सिलिका जेलसोबत ठेवलेली साधी दुर्बीण तिथे मखमली खोक्यातल्या महागड्या दुर्बिणीला मागे टाकते.

शेवटी असंही विचारता येईल, की यात कोणाचं काय बिघडतं? उलट पारखी समाजोपयोगी आहे. त्याच्या सल्ल्याने भाच्याने घेतली, सोसायटीतल्या जोशीकाकूंनी घेतली, ऑफिसातल्या शिपायाने मुलासाठी घेतली, आणि प्रत्येकाची निवड योग्य निघाली. हा मुद्दा मी खोडत नाही. तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. दुसऱ्याला त्याच पंधरा हजारांत पाच मिनिटांत अचूक सल्ला देणाऱ्या माणसाकडे माहितीची टंचाई नाही आणि बाजारात मालाचीही नाही. नुकसान होतं ते त्याचं एकट्याचं. नवरंग पावसाच्या तोंडावर येतो आणि रान सोडून जातो. तो सुधारित आवृत्ती येईपर्यंत थांबत नाही. सालिम अलींची वाट लहानपणी एअरगनने पाडलेल्या पीतकंठी चिमणीपासून सुरू झाली. ही चिमणी कुठली, हे विचारायला तो मुलगा बीएनएचएसमध्ये गेला. त्या किमतीत ती एअरगन सर्वोत्तम होती का, याची चौकशी त्याने केल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा उपाय पैसे वाढवण्यात नाही, कारण पंधराचे तीस केले तर शिडी तीसपासून सुरू होईल. बजेट म्हणजे नुसती रक्कम, हा समजच अपुरा आहे; रकमेला तारीख जोडल्याशिवाय ते बजेट होत नाही. ‘पंधरा हजारांत, पट्टकादंब भिगवणला उतरायच्या आत’ असं ठरवावं. ही तारीख पक्ष्यांच्या हातात असल्यामुळे तिच्यावर घासाघीस चालत नाही आणि तिचा रकाना करता येत नाही. पारख्याकडे यावरही आक्षेप तयार असेल: हल्ली थंडी उशिरा पडते, म्हणजे थवेही उशिराच येणार. घरच्यांनी तो ऐकून घ्यावा, मान हलवावी आणि भाच्याला दुकानात पाठवावं.