बॅटरीची ताकद मोजा घरच्या घरी (एक दिवसाची रजा काढून)

इन्व्हर्टरची बॅटरी जिवंत आहे की नाही, हे ओळखण्याची आपली घरगुती पद्धत सोपी आहे. लाईट जाते, वीस मिनिटांत पंखा मोजून पाती दाखवायला लागतो आणि अंधारातून आवाज येतो, ‘बॅटरी गेली वाटतं!’ निदान अचूक असतं, फक्त ते नेमकं मे महिन्यात होतं. म्हणून नवशिक्यांसाठी हा पाठ.

साहित्य: मल्टिमीटर, हायड्रोमीटर, मोटारीच्या हेडलाईटचे बारा व्होल्टचे, 55 वॅटचे दोन बल्ब, फ्यूज लावलेली जाड वायर, घड्याळ, चष्मा आणि जुना सदरा. सदरा खरोखरच जुना हवा. अॅसिडचा थेंब पडल्यापडल्या काही बोलत नाही, धुण्यात भोक होऊन प्रकट होतो. खिडकी उघडी ठेवा, उदबत्ती दुसऱ्या खोलीत लावा. चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते.

आता बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि चार्जर काढून पाच-सहा तास तिच्याकडे पाहूसुद्धा नका. नवशिक्याचं घोडं इथेच पेंड खातं. तो चार्जर काढल्याक्षणी मीटर लावतो, तेरा व्होल्ट पाहून हरखतो आणि घरच्यांना हाका मारतो. तो आकडा नुसता वरवरचा फुगारा. विश्रांतीनंतर 12.6 ते 12.7 दिसलं, तर घागर भरलेली आहे एवढंच समजायचं. घागर केवढी, ते मीटरला ठाऊक नसतं. तळाशी अर्धा गाळ असला तरी वरून ती काठोकाठच दिसते.

हायड्रोमीटर थोडं अधिक खरं बोलतो. सहाही सेलमधलं पाणी तपासा. पाच सेल 1.250 दाखवत असतील आणि सहावा 1.150, तर त्या एकामुळे बाकीचे पाच बुडणार. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे जास्त समजवावं लागत नाही.

खरी परीक्षा पुढे. बॅटरीवर ठळक अक्षरांत ‘150 एएच’ असतं आणि शेजारी बारीक ‘सी20’. त्याचा अर्थ असा: साडेसात अँपिअरने वीस तास, व्होल्टेज 10.5 वर येईपर्यंत. हा हिशेब संथ चालीचा आहे. चाळीस अँपिअर ओढलेत, तर पावणेचार तासांची आशा धरू नका. घाईने काढलं की बॅटरी हातचं राखते. पॉइकर्ट नावाच्या जर्मन माणसाने 1897 मध्येच याचं सूत्र मांडून ठेवलंय.

तेव्हा दोन्ही बल्ब थेट बॅटरीला जोडा. मिळून नऊ अँपिअरच्या आसपास जातील. धडधाकट बॅटरी सोळा-एक तास टिकायला हवी. दर तासाला व्होल्टेज लिहा, शेवटी शेवटी दर पाच मिनिटांनी, कारण शेवटची घसरण जिन्यावरून पडल्यासारखी असते. 10.5 दिसताच बल्ब काढा. ‘बघू या अजून किती जाते’ हा मोह बॅटरीचा जीव घेतो. तास गुणिले अँपिअर करा. लिहिलेल्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांखाली उत्तर आलं, तर नवीसाठी पैसे बाजूला काढायला लागा. बॅटरी लगेच पुन्हा चार्जिंगला लावा. रिकामी ठेवलीत तर प्लेटांवर सल्फेट बसतं. आणि हा खेळ दर रविवारी मांडू नका. प्रत्येक परीक्षेत तिचं थोडं आयुष्य खर्ची पडतं.

काही जण दोन टोकांना वायर टेकवून ठिणगी पाडतात आणि ठिणगीच्या आवाजावरून निकाल देतात. आमच्याकडे आलेल्या मेकॅनिकने तशीच मोठी ठिणगी पाडली आणि म्हणाला, ‘एकदम फिट आहे, काका, अजून दोन वर्षं बघायला नको.’ त्याच रात्री साडेनऊला मी बल्ब लावले. पहाटे सव्वाचारला 10.5. दीडशेपैकी एकसष्ट.