आकाशगंगा-दर्शनविधी : नवशिक्यांसाठी व त्यांना नेणाऱ्यांसाठी

आकाशगंगा ही सुमारे एक लाख प्रकाशवर्षे व्यासाची, सूर्यासह किमान शंभर अब्ज ताऱ्यांची चपटी तबकडी असून ती आतूनच पाहावी लागत असल्यामुळे तिच्या दर्शनाचा विधी शास्त्रशुद्ध असणे अगत्याचे आहे. काटेकोरपणे बोलायचे तर नुसत्या डोळ्यांना सुटा दिसणारा प्रत्येक तारा याच दीर्घिकेतील असल्याने कोथरूडच्या गच्चीवरून एक तारा दिसला तरी दर्शन घडले असे म्हणता येते, आणि सूर्यही ताराच असल्यामुळे ते भर दुपारीही घडते. या युक्तिवादाने पेट्रोल वाचते, समाधान मात्र होत नाही, कारण लोकांना हवा असतो तो पट्टा, म्हणजे तबकडीच्या पातळीत नजर टाकली असता असंख्य दूरच्या ताऱ्यांचा एकमेकांत मिसळून दिसणारा उजेड.

प्रथम मुहूर्त. हा पट्टा सर्वांत ठळक दिसतो तो धनू राशीकडे, जिथे सुमारे 26,000 प्रकाशवर्षांवर दीर्घिकेचे केंद्र आहे. आणि हा भाग जवळजवळ रात्रभर आकाशात असतो तो जून-जुलैमध्ये, त्यामुळे महाराष्ट्रातील निरीक्षकाला त्या काळात केवळ ढगांचा अभ्यास करता येतो. पाऊस सरल्यावर तोच भाग अंधार पडताच नैर्ऋत्येस थोडा वेळ सापडतो, परंतु त्या मोसमातील हक्काची अमावास्या लक्ष्मीपूजनासाठी राखीव असून त्या रात्री आकाशात जे चमकते ते शिवकाशीहून आलेले असते. राहता राहिल्या मार्च ते मे या महिन्यांतील अमावास्या, ज्यांत मार्चमध्ये पहाटे चारला आग्नेयेस आणि मेमध्ये मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे पाहावे, असे सांगितले की निम्मी मंडळी आपोआप गळतात.

स्थळ असे निवडावे की जवळचे मोठे शहर पाठीशी, म्हणजे उत्तरेला राहील. धनू दक्षिणेकडून जात असल्याने त्याच बाजूला शहराची झळाळी असेल तर शंभर किलोमीटर गाडी हाकूनही फारसे काही हाती लागत नाही. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी आसपासच्या गावांत खाली तोंड करणारे दिवे बसवले गेले. इतर गावांत चौकातील हायमास्टचा निम्मा उजेड आभाळाला का पाजला जातो, हे विचारू नये. खांबाखालील उद्‌घाटनाची पाटी रात्रीही वाचता यावी, एवढाच हेतू असावा.

आता डोळ्यांचा सराव. अंधुक उजेड टिपणाऱ्या दंडपेशींना पूर्ण जागे व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मोबाईलच्या पडद्याकडे एकदा पाहिले की बरीचशी कमाई बुडते. येथे जाणकार या प्रकाराचा विचार प्राप्त होतो. प्रत्येक आकाशदर्शन मंडळात असा एक गृहस्थ असतो, ज्याच्या अंगात सात खिशांचे जाकीट व हातात हिरवा लेझर असून तो ती वीस मिनिटे मोबाईल का पाहू नये या विषयावर बोलतो, आणि एकविसाव्या मिनिटाला आकाशगंगा नेमकी कुठे आहे हे सर्वांना स्वतःच्या मोबाईलमधील ॲपवर दाखवतो. त्याला आवरणे शक्य नाही. तथापि जास्तीच्या दोन सतरंज्या तोच आणतो, थर्मासमधला शेवटचा चहा दुसऱ्याला देतो, आणि पहाटे तीनला घोरणाऱ्यांना हलवून उठवण्याचे काम दुसरे कोणी करीत नाही, याचीही नोंद करणे भाग आहे.

सतरंजी अंथरण्यापूर्वी जमिनीवरील विंचू पाहून घ्यावा, मग आकाशातील शोधावा. तांबूस ज्येष्ठेपासून वाकडी शेपटी खाली उतरते. दक्षिणेकडे तोंड केले असता तिच्या नांगीच्या किंचित वर व डावीकडे केंद्राची दिशा आहे. तिथे रोखून पाहू नये, जरा बाजूला पाहावे, कारण दृष्टिपटलाच्या मध्यभागी दंडपेशी नसतात. पट्ट्याच्या मधोमध जी काळी फट दिसते ती मोकळी जागा नसून पलीकडचे तारे झाकणारी धूळ आहे.

याच वेळी कोणीतरी ‘हा ढग आहे का?’ असे विचारते. प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर असे, की खऱ्या अंधाराच्या जागी ढगाला खालून उजळणारे काही नसल्यामुळे तो काळा दिसतो व तारे गिळतो. जो पांढुरका असून जागचा हलत नाही, तो ढग नव्हे. त्यापुढील प्रश्न ‘एवढंच?’ हा असतो. छायाचित्रांतील जांभळा व केशरी रंग कॅमेऱ्याने कित्येक सेकंद उजेड साठवून मिळवलेला असतो, तर दंडपेशींना रंग कळत नाही, म्हणून डोळ्यांना राखाडीच दिसणार. हे समजावून सांगण्यात रात्र घालवू नये. विचारणाऱ्याला आणखी दहा मिनिटे गप्प पडून राहायला सांगावे, बहुतेक वेळा तो पुन्हा विचारत नाही.

लवकर निघणाऱ्यांनी गाडी आधीच दूर, रस्त्याकडे तोंड करून लावावी. दार उघडताच आतला दिवा लागतो, आणि तो बंद करण्याचे बटण कुठे आहे हे मालकाला माहीत नसते, सबब ते घरूनच शोधून ठेवावे.