उत्खातभूमीतील मुक्काम : सातपूर संप्रदाय

नळ, वीज, उपाहारगृह आणि पहारेकरी यांपैकी काहीही नसलेल्या जागी निव्वळ हौसेने तंबू ठोकून राहण्याला अमेरिकेत आदिम तळावरील मुक्काम म्हणतात. साउथ डकोटातील बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानात सेज क्रीक येथे असा एक तळ असून तेथे पाणी आपले आपण न्यावे लागते आणि बायसन तंबूंच्या मधून निवांत हिंडतात. बॅडलँड्सला भूगोलाच्या पुस्तकी मराठीत उत्खातभूमी असा शब्द आहे, म्हणजे मऊ गाळाची जमीन पावसाच्या ओघळांनी चिरत जाऊन जेथे केवळ घळी आणि कडे उरतात असा प्रदेश. पण त्याच्याशी मराठी माणसाची ओळख बहुधा चंबळच्या दरोडेखोरांच्या चित्रपटांतूनच झालेली असल्यामुळे, तशाच घळी प्रवरेच्या काठी, संगमनेरच्या परिसरात आहेत असे सांगितल्यास नाशिकमधील सातपूरच्या कामगार वसाहतीत आधी घोड्यांची चौकशी होते. रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या या नदीने हजारो वर्षे गाळ आणून टाकला आणि पुढे तोच स्वतः कापून काढला. रस्ता करून लगेच तो खोदणाऱ्या कोणत्याही महापालिकेला ही कार्यपद्धती परिचयाची वाटावी.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी आलेल्या पहिल्या पिढीने ज्या कारणांसाठी गाव सोडले, त्या कारणांची यादी आणि आदिम तळाच्या वैशिष्ट्यांची यादी जवळजवळ एकच आहे, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवले पाहिजे. कारण दुसरी पिढी तंबू घेऊन निघते तेव्हा घरातील ज्येष्ठ मंडळी कंदील, चूल आणि डोक्यावरचा हंडा आठवून, यासाठी पैसे कशाला घालवायचे, असा रास्त प्रश्न विचारतात. त्यावर उपाय म्हणून पाच किलोचा सिलिंडर, मिसळीचा काळा मसाला, फरसाण, पाव, सहा गोधड्या आणि खलबत्ता बरोबर घेतला जातो, आणि आदिमत्व सिन्नर येण्यापूर्वीच संपते.

तंबूच्या मेखांचे प्रकरण स्वतंत्र विवेचनास पात्र आहे. बाजारातील मेख हलकी म्हणून ती नाकारून, टर्नरने, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातणाऱ्या कारागिराने, शतांश मिलिमीटरपर्यंत अचूक कातलेली पोलादी मेख नेण्याचा प्रघात या संप्रदायात आहे; परंतु कोरडा गाळ भुसभुशीत असल्याने ती बोटानेही उपटून येते, आणि पुढे जेथे ती पक्की बसते तेथे खाली कंकर, म्हणजे गाळात साकळलेल्या चुनखडीच्या गाठी असतात, ज्यांचे अस्तित्व मेखेपेक्षा झोपणाऱ्याच्या पाठीला अधिक स्पष्टपणे कळते. कड्याच्या टोकाशी तंबू लावू नये, कारण कडा ढासळतो. आणि पात्रातही लावू नये, कारण भंडारदऱ्याच्या धरणातून आवर्तन, म्हणजे सिंचनासाठी पाळीने सोडले जाणारे पाणी, सुटले की नदी विचारून चढत नाही.

प्रातर्विधीचा प्रश्न अमेरिकन मार्गदर्शकांनी खड्डा खणून सोडवला आहे. येथे मात्र वेशीवर हागणदारीमुक्त गावाची पाटी असते आणि पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना गाठणाऱ्या गुड मॉर्निंग पथकांची आठवण अजून ताजी असल्याने, टमरेल हाती घेतलेला सुशिक्षित माणूस घळीतून दरोडेखोरासारखाच वाकून चालतो.

याच भागात मेंढपाळ वाघरीच्या जाळीत मेंढरे कोंडून रात्री काढतात आणि ऊसतोड कामगार कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, घालून हंगाम काढतात, पण त्यांपैकी कोणीही याला सहल म्हणत नाही. ज्या घळी यंत्राने सपाट करता येतात, तेथे आता ऊस उभा आहे. त्यामुळे उरलेल्या उत्खातभूमीत तंबू दिसला की बांधावरून पहिला प्रश्न येतो तो रेल्वेमार्गासाठी जमिनीची मोजणी आहे काय, हा, आणि दुसरा एकरी भाव किती, हा. मोजणी नाही, केवळ राहायला आलो, असे नम्रपणे सांगितल्यावर विचारणारा तंबूकडे, गोधड्यांकडे आणि खलबत्त्याकडे बराच वेळ पाहतो आणि आवाज उतरवून विचारतो, “घरी भांडण झालं का?”